भविष्य निर्वाह निधी आणि पंधरा दिवसांची मुदत : एक ऐतिहासिक आढावा

भारतातील कर्मचारी भविष्य निर्वाह निधीविषयीच्या अभ्यासात वर्गणीच्या दराला जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे वर्गणी भरण्याच्या तारखेला मिळाले नाही. वस्तुतः कामगार व मालक यांच्यातील आर्थिक संबंधांचे स्वरूप दरापेक्षा तारखेतूनच अधिक स्पष्ट होते.

नोव्हेंबर १९५१ च्या वटहुकुमाची जागा १९५२ च्या अधिनियमाने घेतली. प्रारंभी सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद व कापड या सहाच उद्योगांना तो लागू होता. त्यामुळे मुंबई व सोलापूर येथील गिरणी कामगार आरंभापासूनच या योजनेच्या कक्षेत आले. वर्गणीचा दर सव्वासहा टक्के होता. योजनेच्या परिच्छेद ३८ नुसार महिना संपल्यापासून पंधरा दिवसांच्या आत दोन्ही वाटे भरण्याची जबाबदारी मालकावर टाकण्यात आली.

कळीचा मुद्दा येथेच आहे. कामगाराचा वाटा पगारातून आधीच कापला जातो. कपात झाल्यापासून भरणा होईपर्यंत ती रक्कम ना कामगाराच्या हाती असते, ना निधीत. खेळत्या भांडवलाची टंचाई असलेल्या कारखानदारास हे बिनव्याजी कर्जच ठरते, आणि तेही ऋणकोच्या मर्जीने घेतलेले!

या प्रवृत्तीला आळा घालण्यासाठी १९५३ मध्ये कलम १४ब आले. परंतु नुकसानभरपाईची कमाल मर्यादा थकबाकीच्या पंचवीस टक्के एवढीच असल्याने विलंब जितका लांबेल तितका तो स्वस्त पडे. १९७३ च्या दुरुस्तीने ही मर्यादा संपूर्ण थकबाकीइतकी वाढविली. शिवाय कापलेली वर्गणी न भरणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५ खाली विश्वासघात मानला जाऊ लागला. ऑर्गॅनो केमिकल खटल्यात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने कलम १४ब वैध ठरविताना त्यातील दंडात्मक आशयही मान्य केला. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेने मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के निवृत्तिवेतनाकडे वळविले, तरी मुदत तीच राहिली. १ जुलै १९९७ पासून विलंबावर बारा टक्के व्याजही लागू झाले.

व्यवहारात मात्र पंधराचे वीस दिवस झाले होते. हिशेब हाताने करावा लागतो या सबबीवर दिलेली पाच दिवसांची सवलत संगणकीय भरणा रूढ झाल्यानंतरही टिकून राहिली व फेब्रुवारी २०१६ पासून रद्द झाली.

चेकमेट सर्व्हिसेस खटल्यात (२०२२) सर्वोच्च न्यायालयाने दोन वाट्यांमधील भेद ठळक केला. मालकाचा स्वतःचा वाटा प्राप्तिकर विवरणपत्राच्या अंतिम तारखेपर्यंत भरल्यास करवजावट मिळते. कामगाराकडून कापलेली रक्कम निधीच्या मुदतीतच भरली पाहिजे, कारण ती मालकाची नव्हेच. त्यानंतर जून २०२४ मध्ये सरकारने नुकसानभरपाईचा दर दरमहा एक टक्का केला. सहा महिन्यांहून अधिक विलंबासाठी २००८ पासून तो वार्षिक पंचवीस टक्के होता.