वऱ्हाडांतील नभोवाणीचीं साधनें : नागपूर केंद्राच्या निमित्तानें कांहीं विचार

या त्रैमासिकाच्या वाचकांस दप्तरें, बखरी, ताम्रपट व पोथ्या यांची संवय आहे. त्यांच्यापुढें नभोवाणीसारख्या कालपरवांच्या यंत्राचा विषय मांडणें कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु कागद केवळ जुना झाल्यानें साधन ठरत नाहीं. तो नष्ट होण्यापूर्वीं कोणी तरी ओळखावा लागतो. आमच्या तिवसा तालुक्यांत वर्धेच्या कांठीं कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचें माहेर म्हणून तें सर्वश्रुत होतेंच. पण तेथें प्राचीन वस्ती कसकशी होत गेली याचा पुरावा डॉ. मोरेश्वर दीक्षित यांच्या उत्खननानंतरच हातीं आला. मातीनें तेथें खापरें राखलीं. उच्चारलेल्या शब्दास मात्र अशी माती नसते. म्हणून नभोवाणीचा इतिहास कशाच्या आधारें लिहावयाचा, हा प्रश्न आज विचारला नाहीं तर पुढें विचारण्यांत अर्थ उरणार नाहीं.

प्रथम शब्दाचा विचार करूं. वक्ता दिसत नाहीं आणि वाणी ऐकूं येते, अशा प्रसंगास पुराणकार ‘अशरीरिणी वाक्’ म्हणतात. देवकीच्या वरातींत कंसाला ऐकूं आली ती हीच. मराठींत रेडिओसाठीं ‘नभोवाणी’ हा शब्द रूढ झाला. ‘आकाशवाणी’ हें नांव १९३५ त प्रा. गोपालस्वामी यांनीं म्हैसूर येथें स्वतः उभारलेल्या केंद्राशीं निगडित आहे. सरकारी ध्वनिक्षेपणानें तें १९५७ पासून सर्वत्र स्वीकारलें. आम्ही विद्यार्थी असतां ३० जून १९७४ रोजीं दिल्लीहून संस्कृत वार्ता सुरू झाल्या. ‘इयम् आकाशवाणी’ हे शब्द यंत्रांतून ऐकले तेव्हां पोथींतील शब्दास अर्थ आल्यासारखें वाटलें होतें.

आतां स्थापनेकडे वळूं. मुंबईचें केंद्र एका खाजगी कंपनीनें २३ जुलै १९२७ रोजीं सुरू केलें. त्याची शक्ति अवघी दीड किलोवॉट होती. परवानेधारकांची संख्या साऱ्या देशांत दहा हजारांपर्यंतहि न पोंचल्यामुळें कंपनी १९३० त बुडाली आणि सरकारनें तें काम हातीं घेतलें. ८ जून १९३६ रोजीं या खात्यास ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव मिळालें. फाळणीनंतर भारताच्या वांट्यास दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली व लखनौ अशीं सहाच केंद्रें आलीं. त्यांचें क्षेपण शेंकडा अडीच भूभागावर व शेंकडा अकरा लोकांपर्यंत पोंचत असे. त्या सहांत मध्यप्रांत-वऱ्हाडाचें एकहि नव्हतें. ही उणीव शुक्रवार, ता. १६ जुलै १९४८ रोजीं, म्हणजे शके १८७० च्या आषाढ शुद्ध पक्षांत, नागपूर केंद्र सुरू होऊन भरून निघाली.

हा काळ वऱ्हाडच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगा आहे. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला, १९०२ त तो कायमच्या पट्ट्यानें देण्यांत आला, आणि १९३६ च्या करारांतहि निजामाचें नाममात्र स्वामित्व मान्य करून त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब देण्यांत आला. निजामाच्या राज्यांत हैदराबाद येथें स्वतंत्र ध्वनिक्षेपण होतें. नागपूर केंद्र सुरू झाल्यावर सुमारें दोन महिन्यांनीं, सप्टेंबर १९४८ त, हैदराबादचा प्रश्न लष्करी कारवाईनें मिटला. या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या उन्हाळ्या-पावसाळ्यांत वऱ्हाडच्या दक्षिण सीमेवरील गांवीं कोणता आवाज ऐकला जात होता, हा प्रश्न इतिहासकारानें विचारण्याजोगा आहे. आणि त्याचें उत्तर सरकारी इतिवृत्तांत नव्हे, तर ऐकणाऱ्यांच्या कागदांत शोधावें लागेल.

दुसरी गोष्ट भाषेची. नागपूर ही द्विभाषिक प्रांताची राजधानी होती. म्हणून केंद्राला मराठी व हिंदी या दोहोंची सेवा करावी लागली. १९५६ त राज्यपुनर्रचना होऊन विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यांत आले व १९६० त महाराष्ट्रांत राहिले. राजधानी गेली, प्रांतहि गेला. पण केंद्राचें द्विभाषिकत्व टिकून राहिलें. मोडलेल्या प्रांताची खूण एखाद्या संस्थेच्या नित्याच्या व्यवहारांत कशी उरते, याचें हें चांगलें उदाहरण होय.

यंत्राविषयीं थोडक्यांत सांगतों. या केंद्राचें मुख्य क्षेपण मध्यम लहरींवरचें. त्यांत बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणें वाहक लहरीची उंची कमीअधिक केली जाते. ही लहर दिवसा जमिनीला धरून चालते. रात्रीं मात्र वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून शेंकडों मैल दूर उतरते. म्हणून दिवसा न लागणारें दूरचें केंद्र रात्रीं लागे, आणि पावसाळ्यांत विजांच्या खरखरीनें जवळचेंहि ऐकूं येईनासें होई. पुढें नागपूरचें क्षेपण तीनशें किलोवॉट शक्तीनें ५८५ किलोहर्ट्झवर होऊं लागलें. १८ मे १९८८ रोजीं सुरू झालेल्या रात्रीच्या राष्ट्रीय वाहिनीसाठीं नागपूरजवळ एक हजार किलोवॉटचें यंत्र वापरलें गेलें. ती वाहिनीहि जानेवारी २०१९ त बंद पडली.

येथवरचा वृत्तांत सुलभ आहे. अवघड भाग पुढचा. त्या केंद्रावरून जें बोललें गेलें त्याचें काय झालें? ध्वनिमुद्रणाची फीत महाग. ती पुसून तीवर नवें मुद्रण करण्याची काटकसर सर्वत्र चालत असे. पुष्कळसा मजकूर तर मुद्रण न होतांच जात असे. आमच्याच तालुक्यांत मोझरी येथें तुकडोजी महाराजांनीं १९३५ त गुरुकुंज आश्रम स्थापिला. त्यांची ग्रामगीता १९५५ त ग्रंथरूप झाली, म्हणून ती अक्षरशः हातीं आहे. खंजिरीवरच्या प्रत्येक रात्रीच्या भजनाविषयीं तसें म्हणतां येणार नाहीं. नभोवाणीची स्थिति त्या भजनासारखी आहे.

तेव्हां साधनें श्रोत्यांच्या घरींच शोधलीं पाहिजेत. त्यांत पहिलें स्थान परवान्याच्या पुस्तिकेस आहे. १९३३ च्या कायद्यानें परवान्यावांचून यंत्र बाळगणें हा गुन्हा ठरला, आणि पुढें पन्नासएक वर्षें घरोघरचे लोक डाकघरांत वार्षिक फी भरीत राहिले. १९८५ त ही पद्धत बंद झाली. त्या लहानशा पुस्तिकेंत धारकाचें नांव व गांव, यंत्राची जात व क्रमांक, फीचीं तिकिटें आणि डाकघराचा तारखेचा शिक्का असे. सनदेंत आपण याहून अधिक काय पाहतों? एका तालुक्यांतील अशा पन्नास पुस्तिका मिळाल्या तर यंत्र कोणत्या गांवीं केव्हां आलें, कोणाच्या वाड्यांत आधीं आलें, विजेच्या पूर्वीं आलें कीं नंतर, हें अनुमानानें नव्हे, तर पुराव्यानें सांगतां येईल.

दुसरें साधन पत्रें, वह्या व करारपत्रें. यांवर मिती नसल्यास काल ठरविण्याच्या खुणा पुढीलप्रमाणें होत. पत्त्यांत ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असेल तर कागद बहुधा २६ जानेवारी १९५० पूर्वींचा; ‘मध्यप्रदेश’ असेल तर त्यानंतरचा व नोव्हेंबर १९५६ पूर्वींचा; ‘मुंबई राज्य’ असेल तर मे १९६० पूर्वींचा. रक्कम आण्यांत असेल तर ती एप्रिल १९५७ पूर्वींची धरावी. ‘किलोसायकल’ हें जुनें मान. ‘किलोहर्ट्झ’ हें १९६० नंतरचें. मध्यम लहरींच्या आंकड्यास नवानें भाग जात असेल, तर तो बहुतेक २३ नोव्हेंबर १९७८ नंतरचा. कारण त्या दिवसापासून केंद्रांमधील अंतर नऊ किलोहर्ट्झ करण्यांत आलें. नागपूरचा ५८५ हा आंकडा या कसोटीस उतरतो. लोक जुनें नांव संवयीनें लिहीत राहतात, हें ध्यानांत ठेवून दोन खुणा जुळल्यावांचून निर्णय करूं नये.

आमचा एक दोष येथें कबूल करणें प्राप्त आहे. आमच्या वडिलांच्या नांवाची अशी पुस्तिका घरच्या ट्रंकेंत होती. तिच्या आंतल्या बाजूस त्यांनीं पेन्सिलीनें केंद्रांचे आंकडे व वेळा टिपून ठेविल्या होत्या. परवाना बंद झाला त्या वर्षीं आम्हीं ती आपल्या हातानें रद्दींत घातली. त्याच ट्रंकेंतील शेताचे मोडी कागद मात्र कापडांत बांधून ठेविले. तसले कागद वऱ्हाडांत अनेक घरीं सांपडतात. आतां आमचे वडील बंधू म्हणतात कीं यंत्र वीज येण्यापूर्वींच, बॅटरीवर चालणारें आलें होतें. आमच्या आठवणीप्रमाणें तें नंतर आलें. दोघांच्या शब्दांपलीकडे पुरावा नाहीं, आणि जो होता तो संस्कृत शिकलेल्या, जुन्या पोथ्या गोळा करणाऱ्या माणसाच्या हातून गेला.

म्हणून संग्राहकांस विनंति इतकीच कीं, मोडी कागदांसाठीं गांवोगांव फिरतांना त्याच पेटींतील परवान्याच्या पुस्तिका बाजूस सारूं नयेत. त्या विकत घेण्याचीहि गरज नाहीं. धारकाच्या घरच्यांची अनुमति घेऊन पहिलें पान, यंत्राचा क्रमांक व प्रत्येक शिक्क्याची तारीख यांची नक्कल करावी, आणि ती पुस्तिका कोणत्या गांवीं मिळाली हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. ज्यांच्या नांवें त्या आहेत ती पिढी बहुतेक गेली. ज्यांनीं त्या यंत्राभोवतीं बसून ऐकलें ते अजून आहेत. दोघांची सांगड घालण्यास वेळ थोडा उरला आहे.