हात दाखवून वळण

१९३९ची गंमत बघा. त्या वर्षी अमेरिकेत ब्यूइक गाड्यांना मागे लुकलुकणारे इंडिकेटर आले, आणि त्याच वर्षी आपल्या मोटार वाहन कायद्यात हाताचे इशारे छापले गेले. डावीकडे वळायचं असलं तरी ड्रायव्हरने उजवाच हात बाहेर काढून गोल फिरवायचा! दिवसा ठीक. पण शिरवळ सोडून रात्री खंबाटकी चढताना मागच्या ट्रकवाल्याला तो हात दिसणार कसा?

अशा जुन्या पिकअपला आज इंडिकेटर बसवताना खरी मेख अर्थिंगची. पत्रा गंजलेला असला की करंट शेजारच्या मार्कर लाइटमधून परतीची वाट शोधतो, मग वळण एकीकडे आणि लुकलुकतंय भलतंच. प्रत्येक दिव्याला चेसिसपर्यंत वेगळी वायर द्या. एलईडी लावणार असाल तर फ्लॅशरही बदला. जुना फ्लॅशर बल्बच्या करंटने तापूनच चालतो.