लुटुपुटीची सिग्नल-केबिन

लंडनसारख्या गजबजलेल्या शहरांतील आगगाड्यांची वाहतूक घरच्या संगणकावर चालवून पाहण्याची सोय आतां झाली आहे, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. पडद्यावरील करड्या रेघा म्हणजे रूळ. गाडीसाठीं वाट बांधली कीं रेघ पांढरी होते, गाडी तीवर आली कीं तांबडी. तिकडील खऱ्या सिग्नलवाल्यासमोरही असेंच चित्र असतें. आम्ही एके संध्याकाळीं हा खेळ दोन तास खेळलों. गाड्या पुष्कळ खोळंबविल्या, पण टक्कर कांहीं घडवितां आली नाहीं! एकमेकींस छेदणाऱ्या दोन वाटा एकाच वेळीं देऊं म्हटलें, तर यंत्र स्वच्छ नाहीं म्हणे.

यंत्राला हें ‘नाहीं’ म्हणावयास शिकविण्यांत शंभराहून अधिक वर्षें गेलीं. १८३० सालीं लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, तेव्हां रुळाकांठीं उभे असलेले पोलीस हातानें खुणा करीत, आणि दोन गाड्यांमध्यें अंतर राखावयाचें तें घड्याळाच्या मिनिटांनीं. पुढची गाडी मध्येंच अडली आहे काय, हें घड्याळ कसें सांगणार? १८५६ सालीं जॉन सॅक्स्बीनें सांधे व सिग्नल एकत्र जोडण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें व दक्षिण लंडनमधील ब्रिकलेयर्स आर्म्स येथें ती बसविली. तींतूनच पुढें इंटरलॉकिंग आलें: सांधा नीट बसल्यावांचून सिग्नलचा दांडा हलावयाचाच नाहीं.

पण माणसाची समजूत दांड्यांनीं कशी बांधावी? २५ ऑगस्ट १८६१ रोजीं लंडन-ब्रायटन मार्गावरील क्लेटन बोगद्याच्या दोन तोंडांशीं दोन सिग्नलवाले होते. मध्यें तारयंत्रही होतें. पहिल्या गाडीमागोमाग दुसरी आंत शिरली. तिच्या ड्रायव्हरानें तांबडें निशाण ओझरतें पाहून गाडी बोगद्यांत थांबविली व तो ती मागें घेऊं लागला. इकडच्यानें विचारलें, बोगदा मोकळा आहे काय? तो दुसऱ्या गाडीविषयीं विचारीत होता; पलीकडच्यानें पहिलीविषयीं उत्तर दिलें, मोकळा आहे. तिसरी गाडी आंत सोडली गेली आणि २३ माणसें मेलीं. आठवड्यांतून एक पुरा दिवस सुटी मिळावी म्हणून इकडचा सिग्नलवाला सलग २४ तासांची पाळी करीत होता, ही गोष्ट आम्हांस त्या तारेइतकीच महत्त्वाची वाटते.

कायदा मात्र आला १८८९ सालीं, तोही आयर्लंडांत आर्मा येथें सुमारें ८० प्रवासी मेल्यावर. त्यापूर्वींच, १८७२ सालीं, अमेरिकेंत विल्यम रॉबिन्सननें रुळांतून वीज खेळवून गाडीलाच आपली जागा सांगावयास लाविलें होतें. चाकें रुळांवर आलीं कीं प्रवाह मधल्यामध्यें वळतो व सिग्नल तांबडा होतो. यांतील खरी खुबी अशी कीं, तार तुटली तरीही तो तांबडाच होतो. बिघाड झाला तर तो सावधपणाच्या बाजूस व्हावा, हें तत्त्व आमच्या मतें एकोणिसाव्या शतकाच्या मोठ्या शोधांत गणण्याजोगें आहे.

तरीही १२ डिसेंबर १९८८ रोजीं लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनजवळ सकाळच्या गर्दींत गाड्या आदळल्या आणि ३५ माणसें दगावलीं. नवीं सिग्नलें बसविण्याचें काम चालू होतें. एक जुनी तार एका टोंकास सोडवलेली, पण न कापतां तशीच राहिलेली, पुन्हां आपल्या जुन्या जागीं टेकली. जो प्रवाह तुटावयाचा तो चालूच राहिला, आणि गाडी पुढें उभी असतां मागचा सिग्नल तांबडा झाला नाहीं. अँथनी हिडन ह्या कायदेपंडितांच्या चौकशींत निघालें कीं, तें काम करणाऱ्या कारागिरास तेरा आठवड्यांत एकच दिवस सुटी मिळाली होती.

आम्ही खेळलों त्या खेळांत सांधे अडतात, सिग्नल बिघडतात. पण बिघडले कीं सारे तांबडे. खोटा हिरवा तेथें आम्हांस कधीं दिसला नाहीं, आणि कंटाळा आला तेव्हां आम्ही चहास उठलों. चौकशीनंतर ब्रिटिश रेल्वेवर अशा जोखमीच्या कामास एका पाळीस बारा तासांची मर्यादा घालण्यांत आली. ती व तिच्यासोबतचीं इतर बंधनें पुढें ‘हिडन मर्यादा’ ह्याच नांवानें ओळखलीं जाऊं लागलीं. क्लेटनच्या पाळीस तेव्हां सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं होतीं.