५५३ डॉलर ६२ सेंटचे घर

गलबतालाच घर करून, थोडक्या पैशांत जग हिंडण्याची कल्पना आज अनेकांना मोहवते. या कल्पनेच्या इतिहासात शिरले की एक आकडा हमखास समोर येतो : ५५३ डॉलर ६२ सेंट. जोशुआ स्लोकमच्या ‘स्प्रे’ या गलबताला लागलेल्या सामानाची ही किंमत. याच गलबतातून त्याने १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्या माणसाने शिडाच्या नौकेतून केलेली ती पहिली प्रदक्षिणा मानली जाते. तिच्या धाडसाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या थ्रेडमध्ये आपण तिचा जमाखर्च पाहू.

स्लोकम हा हौशी प्रवासी नव्हता. तो काम हरवलेला कप्तान होता. १८४४ साली नोव्हा स्कोशियात जन्मलेल्या या माणसाचा संसारच जहाजावर झाला. पहिली पत्नी व्हर्जिनिया त्याच्यासोबत जहाजांवरच राहिली, मुले तिथेच वाढली, आणि १८८४ साली तिचा मृत्यूही जहाजावरच झाला. १८८७ च्या अखेरीस त्याचे ‘अक्विडनेक’ हे जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर फुटले. त्याचा विमा नव्हता. तेव्हा त्याने दुसरी पत्नी हेट्टी आणि दोन मुलांच्या साहाय्याने ३५ फुटांची नौका बांधली. शिडे हेट्टीने शिवली. १३ मे १८८८ रोजी, म्हणजे ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली त्याच दिवशी, ही नौका पाण्यात उतरली. म्हणून तिचे नाव ‘लिबर्दाद’. कुटुंब सुखरूप अमेरिकेला पोहोचले खरे, पण हेट्टीची समुद्राची हौस तिथेच फिटली.

दरम्यान आगबोटींनी शिडाच्या जहाजांचे काम हिरावून घेतले होते. १८९२ मध्ये एबेन पियर्स या निवृत्त कप्तानाने ‘फेअरहेवनला ये, तुला जहाज देतो, थोडी डागडुजी करावी लागेल’ असे स्लोकमला सांगितले. स्लोकम तिथे गेला तर समुद्रापासून दूर, एका कुरणात, कॅनव्हासखाली झाकलेली कालवे काढण्याची जुनाट होडी उभी! त्याने जवळचेच ओकचे झाड तोडून कणा घातला आणि एकेक फळी बदलत नेली. पावणेसदतीस फूट लांबीचे गलबत उभे राहिले.

या हिशेबात तेरा महिन्यांच्या त्याच्या मजुरीची किंमत मात्र कुठेच नाही. होडी फुकट, सुतार फुकट. सुतार स्वतःच, आणि तोही आयुष्यभर जहाजे हाताळलेला. मधूनमधून देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर काम करून त्याने पोट भरले. हा आकडा पाहून ‘समुद्रावर राहणे स्वस्त असते’ असा निष्कर्ष काढणारे इथेच फसतात.

काटकसर मात्र अस्सल होती. सागरी कालमापक दुरुस्त करण्यासाठी १५ डॉलर लागणार हे कळताच त्याने तो घरीच ठेवला. यार्मथला दीड डॉलरचे पत्र्याचे घड्याळ, काच फुटलेली म्हणून, एका डॉलरला घेतले. पुढे त्याचा मिनिटकाटा गळाला. चंद्राच्या अंतरावरून रेखांश काढण्याची जुनी विद्या अवगत असल्यामुळेच त्याला हे परवडले.

मिळकतही अशीच चिल्लर. तिएरा देल फ्वेगोच्या किनाऱ्यावर एका फुटलेल्या जहाजाची चरबीची पिंपे सापडली, ती त्याने गलबतात भरली. हुआन फर्नांडेझ बेटावर त्या चरबीत डोनट तळून विकले, आणि उरलेली सामोआत एका जर्मन साबणवाल्याला दिली. मेलबर्नला बंदराचा कर भरावा लागला, तर गलबत पाहायला येणाऱ्यांकडून सहा-सहा पेन्स घेऊन त्याने तो वसूल केला. गर्दी ओसरली तेव्हा एक शार्क पकडून तोच दाखवायला ठेवला! जागोजागी व्याख्याने दिली. सिडनीत नव्या शिडांचा संच भेट मिळाला. सामोआत आर. एल. स्टीव्हन्सनच्या विधवेने नौकानयनाचे ग्रंथ दिले, जिब्राल्टरला ब्रिटिश नौदलाने पाहुणचार केला. ‘एकट्याचा’ हा प्रवास बंदराबंदरांतल्या लोकांच्या औदार्यावर चालला होता, आणि यातली बरीच बंदरे ब्रिटिश साम्राज्याची होती. स्लोकमची भाषा आणि त्याचा रंग तिथे परका नव्हता.

या जमाखर्चातली एक भेट मला अस्वस्थ करते. पुंता अरेनासला एका कप्तानाने त्याला गालिच्याच्या चुका दिल्या. झोपण्यापूर्वी त्याने त्या डेकवर पसरल्या. रात्री चढून आलेले अनवाणी स्थानिक लोक किंचाळत पाण्यात पडले. वाचक पिढ्यान्‌पिढ्या हा प्रसंग विनोद म्हणून वाचत आले आहेत. पण याच वर्षांत तिएरा देल फ्वेगोत मेंढ्यांच्या कुरणांसाठी सेल्कनाम लोकांची माणसे मारून शिकार चालली होती. त्या टापूतल्या मूळ रहिवाशांची बाजू स्लोकमच्या वहीत येत नाही.

२७ जून १८९८ रोजी तो न्यूपोर्टला परतला. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने त्याला अखेर पैसा दिला. १९०२ मध्ये त्याने मार्थाज व्हिन्यर्ड बेटावर शेत घेतले. जमिनीवरचे हे त्याचे स्वतःचे घर. हेट्टी तिथे राहिली. तो मात्र हिवाळा आला की ‘स्प्रे’ घेऊन वेस्ट इंडीजकडे निघे, आणि अशाच एका फेरीतून परतला नाही. १९२४ साली न्यायालयाने त्याला मृत घोषित केले.