नाटकाची डिग्री आणि इंजिनिअरिंग कॉलेज

परवा मामाचा फोन आला. मामेबहिणीला बारावीला उत्तम मार्क पडलेत आणि तिला नाटक विषय घेऊन डिग्री करायचीय. "तू इंजिनिअर आहेस, तूच समजव तिला!" मी बरं म्हटलं आणि तयारी म्हणून वाचायला बसलो. मुळात ही नाटकाची डिग्री काढली कोणी?

उत्तर वाचून हसूच आलं. अमेरिकेतली नाटकाची पहिली डिग्री दिली चक्क एका टेक्निकल कॉलेजने!

पिट्सबर्ग हे पोलादाचं शहर. तिथल्या कामगारांच्या मुलांसाठी अँड्र्यू कार्नेगीने १९०० साली टेक्निकल स्कूलला पैसे दिले. १९१२ मध्ये त्याची कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी झाली आणि १९१४ मध्ये टॉमस वुड स्टीव्हन्सने तिथे नाट्यविभाग उघडला. आपली मंडळी एमएससाठी ज्या कार्नेगी मेलनची स्वप्नं बघतात, ती हीच. 'मेलन' १९६७ मध्ये जोडलं गेलं.

त्याच काळात हार्वर्डमध्ये जॉर्ज पिअर्स बेकर नाट्यलेखन शिकवत होते. १९१४-१५ मध्ये त्यांच्या वर्गात यूजीन ओनील होता, पुढे नोबेल मिळवणारा. पण हार्वर्डने बेकरना ना नाटकाची डिग्री सुरू करू दिली, ना थिएटर बांधून दिलं. शेवटी १९२५ मध्ये ते येलला निघून गेले.

मला यातून एकच कळलं. विद्यापीठाच्या लेखी नाटक म्हणजे वाचायचं पुस्तक. टेक्निकल कॉलेजला मात्र हाताने काम करण्यात कमीपणा वाटत नव्हता, त्यामुळे सुतारकाम, लाइट्स, कपडेपट हासुद्धा अभ्यास असू शकतो हे तिथे पचलं असावं.

माझंच बघा ना. सेकंड इयरला एकांकिकेसाठी मी डिमर जोडला होता. पेपरात लिहिलेली सर्किट्स कधीच विसरलो, ते वायरिंग अजून आठवतं.

मामाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अमेरिकेचं सोड. इथे नोकरी कोण देणार?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि उगाच थाप मारावीशी वाटली नाही. एवढंच सांगितलं, की पुणे विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे आणि त्याचे बरीच वर्षं प्रमुख असलेले सतीश आळेकर मुळात बायोकेमिस्ट्रीचे एमएस्सी! यावर मामा जरा वेळ गप्प झाला.

बहिणीला म्हटलं, "कॉलेज निवडताना एवढंच बघ, तिथे नाटक नुसतं वाचायला लावतात की उभं करायला."

ती म्हणाली, "दादा, पण तू समजवायला फोन केला होतास ना?"

असो. समजावून झालं, फक्त कोणी कोणाला ते विचारू नका.