मृतसमुद्राचा गाळ व भूकंपांच्या मित्या

हेरोद राजाच्या कारकीर्दीच्या सातव्या वर्षीं, म्हणजे इ. स. पू. ३१ मध्यें, यहूदीया प्रांतांत मोठा भूकंप झाला. त्याची हकीकत जोसीफस या यहूदी इतिहासकारानें आपल्या दोन ग्रंथांत दिली आहे. युद्धावरील ग्रंथांत मृतांचा आंकडा ३०,००० आहे. प्राचीन इतिहासावरील ग्रंथाचें व्हिस्टनकृत इंग्रजी भाषांतर पाहावें, तर तेथें १०,००० आढळतो. लेखक एक, प्रसंग एक, आणि आंकडे दोन! जुन्या पोथ्या हाताळणारांस यांत नवल वाटणार नाहीं. परंतु अशा प्रसंगीं लेखाबाहेरचा साक्षीदार मिळाल्यास हवाच असतो, व तो येथें मृतसमुद्राच्या तळाशीं सांपडला आहे.

हें सरोवर समुद्रसपाटीखालीं ४३० मीटरांहून खोल असून, अरबस्तानचा भूखंड व सिनाईचा भूखंड ज्या प्रस्तरभंगावर एकमेकांस घांसून सरकतात, त्याच्यावरच तें वसलें आहे. हिवाळ्यांत ओढ्यांच्या पुरानें काळसर माती येते. उन्हाळ्यांत पाणी आटून अरागोनाइट नांवाच्या चुनखडीचा पांढरा पापुद्रा बसतो. काळा व पांढरा मिळून एक वर्ष. जमीन हादरली म्हणजे तळावरील ओल्या पापुद्र्यांस घड्या पडतात. धक्का जबर असल्यास ते फुटून एकमेकांत कालवले जातात. पुढें त्यावर सपाट थर पूर्ववत् बसूं लागतात. हा कालवलेला थर म्हणजेच भूकंपाची नोंद. गाळांत अडकलेल्या काडीकचऱ्यांतील कर्बावरून काळ काढितात, आणि पापुद्रे अखंड असतील तेथें ते मोजून मधलें अंतर भरितात. एन गेदी येथें १९९७ मध्यें काढलेल्या गाळाच्या स्तंभावरून सुमारें दहा हजार वर्षांची अशी वही तयार झाली.

झेएलीम येथील ओहोळांच्या कांठीं असले आठ थर मिळाले व त्यांचा मेळ इ. स. पू. ६४ व ३१, आणि इ. स. ३३, ३६३, १२१२, १२९३, १८३४ व १९२७ या वर्षांशीं घातला गेला. हें संशोधन २००१ मध्यें प्रसिद्ध झालें. पैकीं ११ जुलै १९२७ चा भूकंप यंत्रांवर नोंदलेला आहे, त्यामुळें कालवलेल्या थराची ओळख पटण्यास तो मोठाच आधार होय. इ. स. ३६३ चा आधार निराळा. यरुशलेमच्या सिरिल धर्माध्यक्षाच्या नांवावर मोडणारें एक सीरियाक पत्र हार्वर्ड येथील हस्तलिखितांत आहे. सेबास्टियन ब्रॉक यांनीं तें १९७७ मध्यें छापिलें. पत्र सिरिलचें स्वतःचें नसावें, मागाहूनचें असावें. तथापि त्यांत सिकंदरी शकाच्या ६७४ व्या वर्षाची इय्यार १९ ही मिती व पडझड झालेल्या शहरांची यादी आहे. त्या शकांतून ३११ वजा केले कीं इ. स. ३६३ मिळतो. कर्ता संशयित व मजकूर ग्राह्य, असे कागद आमच्याही दप्तरांत थोडे नाहींत.

येथें मात्र आम्हांस एक शंका स्पष्ट मांडणें प्राप्त आहे. कर्बावरून निघणारा काळ अनेक दशकांच्या टप्प्यांत असतो, आणि त्या प्रांतांतील लिखित भूकंपांची यादी इतकी दाट आहे कीं कोणत्याही थरास जवळचें वर्ष सहज सांपडावें. इ. स. पू. ६४ व ३१ यांत अंतर अवघें तेहतीस वर्षांचें! यादी पाहून थराचें वर्ष ठरविलें, तर तोच थर यादीचा स्वतंत्र पुरावा कसा होणार? बखरीवरून कागदाची मिती लावावी व मग त्याच कागदानें बखर खरी ठरवावी, तसलाच हा प्रकार. इ. स. ३३ विषयीं तर आम्ही अधिकच सावध आहों. तो भूकंप मत्तयाच्या शुभवर्तमानांतील असून, येशूच्या क्रूसारोहणाचें वर्ष ३० कीं ३३ हाच वाद मिटलेला नाहीं.

शिवाय सरोवराचें पाणी उतरलें म्हणजे कांठचा थर बसत नाहीं किंवा धुपून जातो. म्हणून एखाद्या जागीं थर नाहीं एवढ्यावरून भूकंप झाला नाहीं असें म्हणतां येत नाहीं. अशा वेळीं दुसऱ्या जातीचा पुरावा उपयोगी पडतो. आठव्या शतकांतील मोठ्या भूकंपाच्या वर्षाविषयीं बखरकारांत मेळ नव्हता. बेत शआन येथें कोसळलेल्या इमारतीखालीं हिजरी १३१ चें नाणें निघालें, तेव्हां इ. स. ७४९ हें वर्ष निश्चित झालें.

सरोवराच्या मध्यभागीं २०१०-११ मध्यें खोल छिद्र घेऊन काढलेल्या गाळावरून २,२०,००० वर्षांचा हिशेब २०२० मध्यें प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें ७ व त्याहून अधिक प्रतीचे भूकंप सरासरीनें सुमारें १,४०० वर्षांनीं, किंवा त्याहून लवकर, होत आले. यांतील बहुतेक सर्व काळ लेखनकलेच्या पूर्वींचा आहे. तेथें ताडून पाहण्यास कोणताच कागद नाहीं, व गाळाचीच मोजणी पुन्हा पुन्हा तपासली पाहिजे.