मोक्षाचा अधिकार कोणी द्यायचा? पंडिता रमाबाईंची दोन भांडणे

आईच्या तिरडीला चौथा खांदेकरी मिळत नव्हता. दुष्काळाचे दिवस, परका मुलूख, आणि जात सांगितली तरी विश्वास न ठेवणारी माणसे. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा खांदा मृत स्त्रीच्या मुलाचा, श्रीनिवासाचा. चौथी बाजू तिच्या धाकट्या मुलीने, रमाने उचलली. उंची कमी पडत होती, म्हणून तिने तिरडीचा दांडा डोक्यावर घेतला. स्मशान सुमारे तीन मैलांवर होते. (धागा)

हा प्रसंग पुढे पंडिता रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवला आहे. त्यांच्या आयुष्याची गोष्ट सांगताना कोलकात्यातील सत्कार, विधवांसाठी काढलेले शारदा सदन, धर्मांतर आणि टिळकांशी झालेला संघर्ष हे टप्पे हमखास येतात. त्या सगळ्यांच्या तळाशी असलेला एक प्रश्न मात्र बहुधा बाजूला राहतो. मेल्यानंतर स्त्रीला शांती मिळते का? आणि ती मिळेल की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडले. भागवत मुखोद्गत असलेली ही मुलगी आईच्या तोंडून शिकली होती. १८७० च्या दशकातील दुष्काळात आधी वडील, पाठोपाठ आई आणि मग थोरली बहीण गेली. दृष्टी गमावलेल्या अनंतशास्त्र्यांनी अखेरच्या दिवसांत रमाला जवळ घेऊन, तुला ईश्वराच्या हाती सोपवले आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर, असे बजावले होते. या कुटुंबाने व्रते, दाने, तीर्थस्नाने यांत काहीही कमी ठेवले नव्हते. तरीही शेवटी पदरी अन्नान्नदशाच आली. देवावरचा नव्हे, पण विधींवरचा रमाबाईंचा विश्वास तेव्हापासून डळमळू लागला.

१८७८ मध्ये बहीणभाऊ कोलकात्यात पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. शास्त्रांच्या आधारे स्त्रियांना त्यांची कर्तव्ये सांगावीत, अशी विनंती त्यांना तिथेच करण्यात आली. त्यासाठी त्या धर्मशास्त्रे वाचू लागल्या. केशवचंद्र सेन यांनी वेदांची प्रत हाती दिली तेव्हा स्त्रीने वेद कसे वाचावेत, असा संकोचही त्यांना वाटला होता. वाचून झाल्यावर त्यांनी जो निष्कर्ष काढला तो जळजळीत आहे. ग्रंथांचे आपसांत कशावरही एकमत नाही. एकमत आहे ते फक्त दोन गोष्टींवर. स्त्री ही जातच मुळात वाईट, आणि तिला पुरुषाप्रमाणे मोक्षाचा अधिकार नाही. नवरा हाच तिचा देव आणि त्याची सेवा हाच तिचा मार्ग. फार तर पुण्य साठवून पुढच्या एखाद्या जन्मी पुरुष व्हावे आणि मग पाहावे.

या निष्कर्षावर आक्षेप घेता येतो आणि तो घेतलाही पाहिजे. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांच्या परंपरेने कोणत्याही स्मृतिकाराच्या परवानगीची वाट पाहिली नव्हती. पण रमाबाई वारकऱ्यांच्या कीर्तनात नव्हे, शास्त्र्यांच्या घरात वाढल्या होत्या. त्यांच्यासमोरचा धर्म ग्रंथांचा होता आणि त्या ग्रंथांची किल्ली पुरुषांच्या कनवटीला होती.

मृत्यूची पाठ मात्र सुटत नव्हती. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने, जातीबाहेर विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचा बळी घेतला. चोविसाव्या वर्षाच्या आत पाच जिवलग गेले होते. आई, वडील, भाऊ, बहीण, पती यांचे पुढे काय झाले, हा ज्या व्यक्तीपुढचा प्रश्न आहे, तिच्या लेखी मोक्ष हा तत्त्वज्ञानाच्या वर्गातला विषय उरत नाही.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इराद्याने इंग्लंड गाठले. ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या धर्मभगिनींकडे त्यांचा मुक्काम होता. या भगिनी लंडनमधील फुलहॅम येथे एक आश्रयगृह चालवीत. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रिया तिथे राहत असत. धर्मभगिनी त्यांच्याशी माणसांसारख्या वागत होत्या. हे पाहून रमाबाई चकित झाल्या आणि असे का, म्हणून त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, हलक्या समजल्या गेलेल्या जमातीतली, पाच नवरे झालेली बाई. आणि येशू तिच्याशी थेट जीवनाच्या पाण्याबद्दल बोलतो. मध्ये नवरा नाही, पुरोहित नाही, पुढच्या जन्माची अटही नाही. रमाबाईंना धर्मग्रंथांत जे सापडले नव्हते ते या विहिरीवर सापडले. नीळकंठशास्त्री उर्फ फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्या पत्रांनी त्यांच्या बौद्धिक शंका बऱ्याच अंशी दूर केल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच सुमारास आत्महत्या केली. त्या धक्क्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाई आणि चिमुकल्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

इथे बहुतेकांची गोष्ट संपते: पंडिता ख्रिस्ती झाली, पुणे संतापले. खरे भांडण तर इथून सुरू होते, आणि त्यातले पहिले पुण्याशी नव्हतेच.

सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. मायलेकी त्यांना ‘आजीबाई’ म्हणत आणि पत्रांतही हाच मायना असे. याच आजीबाईंशी झालेला पत्रव्यवहार एकोणिसाव्या शतकातील धार्मिक वादांचा अव्वल दस्तऐवज आहे. सुरुवात किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवरून झाली. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही; भगिनींना त्यात जातीचा अहंकार दिसला. क्रूसावरील अक्षरे लॅटिनमध्ये का, संस्कृतमध्ये का नकोत, असे रमाबाईंनी विचारले. लॅटिन ना त्यांना कळत होती, ना त्यांच्या देशबांधवांना. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकताना पुरुषांनाही शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी त्याला हरकत घेतली. हिंदुस्थानात पुरुषांच्या भरसभांपुढे व्याख्याने दिलेल्या स्त्रीला, परक्या पुरुषांसमोर बोलू नकोस, असे बिशप सांगत होते!

मग वाद मुळाशी भिडला. त्रैक्याचा सिद्धांत, येशूचे ईश्वरत्व, अथेनेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार यांविषयी रमाबाई शंका विचारू लागल्या. जेराल्डिन यांचे म्हणणे असे, की चर्च शिकवते ते नम्रपणे स्वीकारावे. रमाबाईंचे उत्तर साधारण असे होते: एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे. देवाने विवेक दिला आहे तो वापरण्यासाठी, आणि बिशपचा शब्द म्हणजे देवाचा शब्द नव्हे. मनोरमेच्या धर्मशिक्षणाचा निर्णय आईचा की मठाचा, यावरही पत्रे झडली.

जेराल्डिन यांना खलनायिका ठरवणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. त्यांना मनापासून भीती वाटत होती, की चर्चचा हात सुटला तर या मुलीचा आत्मा भरकटेल. त्यांच्या दृष्टीने आज्ञापालन हेच निष्ठेचे रूप होते. रमाबाईंच्या दृष्टीने, न पटलेले पटल्याचे सांगणे हीच बेइमानी होती. दोघीही एकाच देवाशी प्रामाणिक राहू पाहत होत्या. पत्रे अखेरपर्यंत थांबली नाहीत, याचे कारण बहुधा तेच असावे.

इकडे महाराष्ट्रात धर्मांतराची निंदा होत असताना महात्मा फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली. शास्त्रे वाचलेल्या स्त्रीनेच ती नाकारली, हा मुद्दा त्यांनी अचूक हेरला होता.

अमेरिकेतून मदत उभी करून रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तिथल्या सुरुवातीच्या विधवा विद्यार्थिनी. सदनात धर्मप्रसार होणार नाही, असे आश्वासन होते. पण रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. दार लावून घ्या, असा आग्रह झाला. मी कोणाला बोलावत नाही, पण दारही लावणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्माही घेतला.

या ठिकाणी रमाबाईंचे समर्थकही थोडे अडखळतात, आणि ते योग्यच आहे. वाँटेजला त्या स्वतः आश्रित होत्या. तेव्हा आश्रयदात्याने श्रद्धेवर हक्क सांगू नये, असे त्यांचे म्हणणे होते. पुण्यात आश्रयदात्या त्या होत्या. कोवळ्या वयाची, घरादाराला पारखी झालेली विधवा आणि तिचा एकमेव आधार असलेली बाई. त्या उघड्या दारातून येणारी ओढ कितपत ऐच्छिक म्हणायची? अन्न देणारा हात प्रार्थनेसाठीही जोडलेला दिसतो, तेव्हा कोणी सक्ती न करताही सक्ती घडू शकते. दुसऱ्या बाजूने, केस कापून, कोपऱ्यात बसवून त्या मुलींना जे ‘स्वातंत्र्य’ मिळाले होते, ते राखण्यासाठी चाललेला गदारोळही फारसा निरागस नव्हता.

दरम्यान त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेतही पालट झाला होता. विल्यम हॅस्लम या धर्मोपदेशकाचे, मरणातून जीवनात येण्याविषयीचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त मात्र सापडलाच नव्हता, अशी जाणीव त्यांना झाली. १९०७ च्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्यांनी हा प्रवास मांडला आहे. तारण मिळण्यासाठी लाखो जन्मांच्या फेऱ्यांतून जायला नको, ते आज, इथे, फुकट मिळते, यात त्यांना सर्वांत मोठा दिलासा वाटला. तरुणपणी बुद्धीने सिद्धांत तपासणाऱ्या रमाबाई आता शरणागतीची भाषा बोलू लागल्या. पण कोणत्याही एका पंथाचा शिक्का त्यांनी लावून घेतला नाही. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती सदनात पुनर्जागरणाची लाट आली. मुली रडत, ओरडत, रात्ररात्र प्रार्थना करीत. परदेशी शिस्तीच्या लोकांनी नाके मुरडली, तेव्हा भारतीयांनी भारतीय पद्धतीने देवाला हाक मारावी, असेच त्यांनी सुनावले. लॅटिन क्रूसाचे भांडण वीस वर्षांनंतरही विझले नव्हते.

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी एका विलक्षण कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचा मराठी अनुवाद, तोही सामान्य बाईला वाचता येईल अशा साध्या बोलीत. प्रचलित अनुवादातील संस्कृतप्रचुर शब्द त्यांना नको होते. ज्या स्त्रीला कोलकात्याने ‘सरस्वती’ म्हटले, तिने जाणूनबुजून पंडिती मराठी टाकली. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात. खिळे जुळवणाऱ्या दुष्काळातून वाचलेल्या मुली.

काम संपत आले असतानाच २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. संस्थेची धुरा तिच्याकडे जाणार होती. रमाबाईंच्या आयुष्यातला हा सहावा मोठा मृत्यू, आणि त्यांनी मुद्रिते तपासणे सोडले नाही. शेवटची पाने हातावेगळी होईपर्यंत आणखी थोडे दिवस मिळावेत, अशी प्रार्थना त्यांनी केल्याचे मुक्तीत सांगितले जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि केडगावलाच त्यांचे दफन झाले.

संपूर्ण अनुवाद १९२४ मध्ये छापून बाहेर पडला. विहिरीवरच्या त्या शोमरोनी बाईची गोष्ट त्यात योहानाच्या चौथ्या अध्यायात आहे.